वॉलपेपरमध्ये न मावलेली नदी

जवळपास दीड वर्ष माझ्या मोबाईलवर एकच वॉलपेपर होता. एक नदी, मस्त गोल वळसा घेतलेली, वळशाच्या पोटात हिरवी-पिवळी शेतं, मागे निळसर डोंगर आणि वर मोकळं आकाश. चित्र आवडलं म्हणून ठेवला होता असं सांगून उगाच भाव खाणार नाही, त्या फिकट आकाशावर घड्याळाचे आकडे छान उठून दिसायचे म्हणून ठेवला होता. निसर्गचित्र या प्रकाराबद्दल माझं मत तेव्हा फार काही चांगलं नव्हतंच. नदी, डोंगर, झाड, ढग, संपलं. कॅलेंडरवर असतात ती, नाहीतर दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना समोरच्या भिंतीवर असतात, आणि आपण बघत असतो डॉक्टरांच्या दाराकडे.

मग एकदा फोन बदलला आणि तो फोटो शोधताना मूळ फाईल लॅपटॉपवर उघडली गेली, आणि मी अक्षरशः दोन मिनिटं समजत होते की चुकीचं चित्र उघडलंय. कारण डावीकडे वादळ होतं. काळाकुट्ट ढग, तिरका कोसळणारा पाऊस, उंच कड्यावर दाट जंगल, आणि अगदी पुढे एक पिचलेलं, मोडकं, सालपट निघालेलं झाड, की जे बघून वाटावं आत्ता याच्यावर वीज पडून गेलीये. माझी नदी होती तिथेच, उजवीकडे, उन्हात. पण ती त्या सगळ्याच्या शेजारी होती आणि मला दीड वर्षात त्याचा पत्ताच नव्हता!

नंतर मी हिशोबच केला (असले हिशोब करायला मला कधीही वेळ असतो). मूळ चित्र साधारण १९३ सेंटीमीटर रुंद आणि १३१ सेंटीमीटर उंच. आजकालच्या उभ्या लांबुडक्या मोबाईलवर ते बसवायचं तर पूर्ण उंची घेऊनही रुंदीतले जेमतेम ६० सेंटीमीटर मावतात. म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही. बाकीचं चित्र फोनने गपचूप कापून टाकलं होतं, आणि वर मी लोकांना सांगायचे की किती शांत चित्र आहे ना.

तर चित्राबद्दल. थॉमस कोल नावाच्या चित्रकाराचं हे १८३६ सालचं तैलचित्र, सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. सगळे त्याला 'द ऑक्सबो' म्हणतात, पण खरं नाव चांगलं हातभर लांब आहे, त्याचा अर्थ साधारण असा की मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थअॅम्प्टनजवळच्या माउंट होलियोकवरून वादळानंतर दिसणारा देखावा. दरी कनेक्टिकट नदीची. या म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या आपल्या संग्रहातल्या चित्रांचे मोठे फोटो कोणालाही फुकट उतरवून घ्यायची मुभा दिलीये, त्यामुळे घरबसल्या इतकं झूम करता येतं की प्रत्यक्ष म्युझियममध्ये तितकं जवळ गेलो तर सिक्युरिटीवाला हटकेल.

आणि झूम मी केलं. खूप केलं. जेवण झाल्यावर जरा पाच मिनिटं म्हणून बसायचे आणि तास जायचा.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे यातला हिरवा रंग हिरवा नाहीच. लांबून आपण म्हणतो हिरवी शेतं, पण जवळ गेलं की एक तुकडा पिवळट, एक पार मातकट, एक जवळजवळ राखाडी, आणि नदीच्या काठचे झाडांचे पुंजके तर खाली सावलीला काळे आणि डोक्यावर फक्त पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका. तेवढ्या ठिपक्याने कळतं की ऊन उजवीकडून येतंय. दरीत एका ठिकाणी धूर दिसतो, म्हणजे घर आहे, चूल पेटलीये, कोणीतरी आहे. झूम केलं तर तो धूर म्हणजे पांढुरकं बोट फिरवल्यासारखा ब्रशचा एक फटकारा, एवढंच. मी तो एकच धूर कितीतरी वेळ बघत होते. घर तांदळाच्या दाण्याएवढं, माणूस तर दिसतच नाही, पण त्या फटकाऱ्यामुळे अख्ख्या दरीत वस्ती असल्यासारखी वाटते. हे कसं सुचत असेल माणसाला!

मग लांबचे डोंगर. ते निळे का असतात हे मला माहीत होतं, हवेतले कण वगैरे, जितकं अंतर जास्त तितकी मधे हवा जास्त, मग गडद रंग फिके होतात, कडा पुसट होतात आणि सगळ्यावर निळसर थर येतो. पण माहीत असणं वेगळं आणि कोणीतरी सपाट कापडावर ते करून दाखवणं वेगळं. कोलने पुढचा कडा जवळजवळ काळपट ठेवलाय, त्यातली प्रत्येक फांदी, प्रत्येक भेग स्पष्ट. मधली दरी उन्हात. आणि मागचे डोंगर इतके पातळ रंगात की डोळे बारीक केले तर आकाशातच विरघळतात. म्हणजे तीन थर आहेत आणि आपण त्या पहिल्या काळ्या थरात उभे आहोत, कड्याच्या टोकाला, आणि खाली बघतोय. मोबाईलमध्ये मला कधीच 'खाली' बघितल्यासारखं वाटलं नव्हतं. वाटणार कसं, पायाखालचा कडाच कापला गेला होता ना.

आता खरी गंमत. माझ्या वॉलपेपरमध्ये डाव्या कडेला, अगदी खाली, जिथे फोनचं आणि मेसेजचं आयकॉन असतं, तिथे एक तिरकी काडी नदीवर आलेली दिसायची. मी समजत होते वाळलेली फांदी. एकदा तर स्क्रीनवर ओरखडा पडला की काय म्हणून ओढणीने पुसलीही होती.

माझी भाची आली होती, आठ वर्षांची आहे, तिला लॅपटॉपवर पूर्ण चित्र दाखवलं. म्हटलं सांग काय काय दिसतंय. मला वाटलं आधी वादळ म्हणेल. ती बया स्क्रीनला नाक लावून तीस सेकंद बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, तो माणूस आपल्याकडे बघतोय."

कुठला माणूस?

खरंच होता! चित्राच्या खालच्या बाजूला, साधारण मध्यावर, खडक आणि झुडपांच्या मधे, हॅट घातलेला एक माणूस, समोर कॅनव्हास लावून बसलेला, आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघतोय. तो स्वतः कोल आहे. आणि ती काडी म्हणजे त्याची छत्री, उन्हात चित्र काढायला बसताना चित्रकार लावायचे तसली, कड्याच्या टोकावर तिरकी रोवून ठेवलेली. बाजूला त्याचं सामान आहे, त्यातल्या पोर्टफोलिओवर, म्हणजे चित्रं ठेवायच्या फाईलवर, त्याने सही करून ठेवलीये. मी इतके दिवस झूम करून धूर शोधत होते आणि हा बाबा पायाशी बसला होता. भाचीने नंतर घरभर सांगितलं की मावशीला माणूस दिसला नाही, ते जाऊ दे.

त्या छत्रीची जागा बघा कधी चित्र उघडलंत तर. डावीकडचं जंगल आणि उजवीकडची शेतं यांच्यात एक तिरकी रेघ आहे, वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी, कड्याची कडाच ती. या दोन भागांमध्ये काहीही जोडणारं नाही. रस्ता नाही, पायवाट नाही, मधला उतारच दिसत नाही, एकदम कडा संपतो आणि खाली दरी सुरू होते. एवढ्या मोठ्या चित्रात एकच गोष्ट त्या रेघेवरून पलीकडे जाते, ती म्हणजे छत्री. तिचं बूड जंगलात आणि टोक नदीवर. मी काही कलासमीक्षक नाही, पण हे चुकून झालेलं नाही एवढं मलाही कळतं.

आणि आता जरा कोलची लबाडी. चित्रात तो डोंगरावर बसून रंगवतोय असं दाखवतो, पण सहा फुटांहून रुंद तैलचित्र १८३६ मध्ये कोण डोंगरावर नेऊन रंगवणार. तेव्हा रंगाच्या ट्यूबसुद्धा नव्हत्या, पिळायच्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट १८४१ चं, जॉन गॉफ रँड नावाच्या चित्रकाराचं. त्याच्या आधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांमध्ये बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडून रंग काढायचा आणि भोक परत बुजवायचं. असला पसारा घेऊन वादळात कड्यावर बसणं शक्य नाही. कोल काही वर्षं आधी त्या डोंगरावर जाऊन पेन्सिलने स्केच करून आला होता, रंगकाम स्टुडिओतलं. त्याच्याही आधी त्याने एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या, बेसिल हॉलच्या, १८२९ साली छापलेल्या पुस्तकातलं याच जागेचं चित्र पातळ कागद ठेवून गिरवून घेतलं होतं. हा हॉल अमेरिकेत फिरताना कॅमेरा ल्युसिडा वापरायचा, म्हणजे दांडीवर बसवलेला एक छोटा लोलक, त्यातून बघितलं की समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची. ट्रेसिंगचं ट्रेसिंग झालं की हे! शाळेत मी निसर्गचित्र ट्रेस केलं म्हणून बाईंनी वही परत केली होती, तेव्हा हे माहीत असायला हवं होतं.

बरं, ही जागा काही कोणाला न सापडलेली रानातली जागा नव्हती. माउंट होलियोक म्हणजे साधारण २८५ मीटरचा डोंगर, फार उंच नाही, आणि वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी तेव्हाही भलताच फेमस. माथ्यावर पर्यटकांसाठी १८२१ पासून एक छोटी झोपडीवजा इमारतही होती. म्हणजे त्या काळातला सेल्फी पॉइंटच म्हणा ना. आता चित्रात शोधा. इमारत नाही, पर्यटक नाहीत, पोटापाण्याचं दुकान मांडून बसलेलं कोणी नाही. निर्जन जंगल आणि एकटा कोल. हे वाचलं तेव्हा मला माझ्या फोनचा राग जरा कमी आला, कारण क्रॉप करणारा तो पहिला नव्हता. फोनने वादळ कापलं, कोलने गर्दी कापली. फरक एवढाच की कोलला आपण काय कापतोय ते माहीत होतं.

माणूसही इंटरेस्टिंग आहे. जन्म १८०१ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा, म्हणजे गिरण्या, धुराडी, कोळसा. पोरवयात कापडावर छापायच्या नक्षीचे ठसे कोरायचं काम केलेलं. १८१८ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेला आला आणि मग हडसन नदीच्या बाजूचे डोंगर बघून जो वेडावला तो वेडावलाच, पुढे ज्यांना हडसन रिव्हर स्कूल म्हणतात त्या निसर्गचित्रकारांचा मूळपुरुष त्यालाच मानतात. १८३६ मध्येच त्याने अमेरिकेच्या निसर्गावर एक लांबलचक निबंध छापला, त्यात कुऱ्हाडीने जंगलं कशी साफ होतायत यावर वैतागलाय आणि आकाशाला देखाव्याचा आत्मा म्हटलंय. धुराड्यांखाली वाढलेला पोरगा आकाशाबद्दल असं लिहितो हे मला फार आवडलं. आणि मी त्याच आकाशावर घड्याळ लावून ठेवलं होतं.

पण मग शेतांबद्दल त्याचं मत काय होतं हे चित्रातून काही केल्या कळत नाही. कुऱ्हाडीचा राग असेल तर ही साफसूफ केलेली दरी इतकी सुंदर का काढली? वादळ जंगलाच्या बाजूला, ऊन शेतांच्या बाजूला. म्हणजे शेतं आली, आता सगळं छान होणार असं म्हणतोय, की बघा, जंगल मागे हटतंय असं म्हणतोय? त्याच सुमारास तो एका साम्राज्याच्या जन्मापासून ओसाड होण्यापर्यंतची पाच मोठी चित्रं रंगवत होता, 'द कोर्स ऑफ एम्पायर' नावाची मालिका, आणि ते काम चालू असताना मधेच त्याने हे चित्र केलं. म्युझियमच्या तांत्रिक तपासणीत तर असं दिसलं की या नदीच्या रंगाखाली त्याच मालिकेतल्या वैभवाच्या शिखरावरच्या शहराची आधीची आखणी आहे. शहराच्या आखणीवर दरी रंगवलीये! कॅनव्हास महाग म्हणून असेल, मला उगाच मोठा अर्थ काढायचा नाहीये, पण त्या शांत शेतांखाली एक अख्खं शहर आहे हे एकदा कळलं की शेतं पूर्वीसारखी दिसत नाहीत.

अर्थ काढणारे लोक आहेतच. मागच्या टेकडीवर झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागा आहेत, त्यांच्या खुणा म्हणजे हिब्रू अक्षरं आहेत, नोहा (बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतला) असं लिहिलंय, आणि चित्र उलटं केलं तर सर्वशक्तिमान या अर्थाचा शब्द दिसतो असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मी प्रयत्न केला. फोन उलटा केला तर ऑटो-रोटेटमुळे चित्रही परत सुलटं झालं, मग ते बंद केलं, परत उलटा केला, मान वाकडी झाली. खुणा दिसतात खऱ्या, फटकाऱ्यासारख्या, पण हिब्रू मला येत नाही आणि आलं असतं तरी ढगात हत्ती दिसतो त्यातलाच हा प्रकार वाटतो. ज्यांना दिसतं त्यांना दिसो.

मला त्यापेक्षा त्या वळशाने जास्त वेड लावलं. ऑक्सबो म्हणजे बैलाच्या मानेभोवती येणारं, जुवाला अडकवलेलं यू आकाराचं लाकूड, नदीचा आकार तसा म्हणून ते नाव. आपण भूगोलात शिकलो ते नालाकृती सरोवर, तेच हे. इंग्रजीला बैल दिसला, मराठीला घोड्याच्या टापेचा नाल दिसला. धड्यातली आकृती आठवते का, नदी नागमोडी वळते, बाहेरच्या काठाला पाणी जोरात आपटतं आणि काठ खातं, आतल्या काठाला वेग मंद म्हणून गाळ टाकतं, असं करत करत वळण फुगत जातं आणि त्याची मान बारीक होत जाते, मग एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघून जाते. परीक्षेत आकृतीचे दोन मार्क असायचे. ती आकृती मी डझनभर वेळा काढली असेल आणि एकदाही डोक्यात आलं नाही की ही खरोखर एखाद्या ठिकाणी, एखाद्या वर्षी घडणारी गोष्ट आहे.

इथे ती १८४० मध्ये घडली. पूर आला, नदीने ती बारीक मान फोडली आणि सरळ रस्ता धरला. चित्राला चार वर्षं झाली होती फक्त. कोल तेव्हा जिवंत होता, तो गेला १८४८ मध्ये. म्हणजे इतके दिवस मी ज्या वळशाकडे बघून शांत वाटतं म्हणायचे, ती नदी चित्रातच निघायच्या तयारीत होती. आता ते चित्र उघडलं की नजर पहिली त्या मानेवर जाते. किती बारीक आहे, अजून किती धरेल असं बघते, जसं काही मला निकाल माहीत नाहीये.

सॅटेलाइट मॅपवर जाऊन बघितलं, न बघून सांगते कोणाला. वळसा अजून आहे, नालासारखा, पाणी पण आहे, बोटी उभ्या असतात. नदी मात्र त्याला बाजूला टाकून सरळ जाते, आणि त्या वळशावरूनच हायवे गेलाय, इंटरस्टेट ९१, त्यावर मुंगीएवढे ट्रक. मी मॅप तिरका करून, थ्रीडी करून, डोंगरावर 'उभी' राहून कोलचा अँगल पकडायचा प्रयत्न केला. साधारण जमतो. वादळ मात्र मॅपमध्ये नाही, कधीच नसतं, सॅटेलाइटवाले ढग नसलेलेच फोटो निवडून जोडतात.

वादळावरून आठवलं. शीर्षकात 'वादळानंतर' आहे म्हणून आपण म्हणायचं की ते निघून गेलंय. नाव झाकून बघितलं तर मला काही केल्या ठरवता येत नाही की ते जातंय की येतंय. भाचीचं म्हणणं की येतंय, म्हणून तर तो मागे बघतोय, पळायचं की थांबायचं विचारतोय. मग छत्री का नाही उचलली, असं मी विचारलं. तर म्हणाली, चित्र पूर्ण व्हायचंय ना.

नवीन फोनवर परत तोच वॉलपेपर लावायला गेले. कडा, माणूस, छत्री आणि नदीचा वळसा, एवढं तरी एकत्र बसावं म्हणून दोन बोटांनी लहान-मोठं करत राहिले. माणूस धरला तर नदी सुटते, नदी धरली तर वादळ जातं. शेवटी फोनवर साधा काळा रंग ठेवलाय, आकडे त्यावरही नीट दिसतात. चित्र लॅपटॉपवर आहे, अख्खं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून, आणि डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाईली उचलून मी वर डावीकडे ढगात नेऊन ठेवल्यात.